कड्याच्या पायथ्याशी कुत्रा

प्रस्तरारोहण हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे उभा राहतो तो उंच, उघडा कडा आणि त्याला बोटांच्या टोकांनी बिलगून राहिलेला एकटा माणूस. चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. या खेळात ज्याने थोडा काळ घालविला आहे त्याला ठाऊक असते, की चढाईच्या दिवसाचा मोठा भाग कड्यावर नव्हे, तर कड्याच्या पायथ्याशी जातो. तेथे दोर उलगडले जातात, गाठी तपासल्या जातात, शिदोऱ्या सोडल्या जातात. एक जण वर चढत असताना दुसरा मान वर करून तासन् तास त्याचा दोर सांभाळीत उभा असतो. ही जागा पुष्कळदा काही पावलांच्या रुंदीची असते. एका बाजूस खडक, दुसऱ्या बाजूस उतार किंवा झाडी. ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका या देशांतील लोकप्रिय कड्यांखाली गेलो, तर या अरुंद पट्टीत माणसांच्या जोडीने आणखी एक प्राणी हटकून दिसतो. तो म्हणजे चढणाऱ्यांनी बरोबर आणलेला कुत्रा.

त्याला का आणले जाते हे समजण्यास फार शोध करावा लागत नाही. शहरात आठवडाभर कामात गुंतलेल्या माणसाला सुटीचे दोनच दिवस मिळतात. ते डोंगरात घालवावयाचे, तर घरच्या कुत्र्याला कोठे ठेवावे? शिवाय कुत्रा हा चालण्यातला उत्तम सोबती आहे आणि कड्यापर्यंतची वाट हा चालण्याचाच भाग असतो. डोंगर आणि कुत्रा यांचे नातेही जुने आहे. आल्प्स पर्वतातील सेंट बर्नार्ड खिंडीच्या मठातील कुत्री सर्वांना ऐकून माहीत असतात. त्यांच्या मानाने चिंगेल ही कुत्री कमी प्रसिद्ध आहे, पण आपल्या विषयाला ती अधिक जवळची. ख्रिस्तियान आल्मर या स्विस वाटाड्याने ती डब्ल्यू. ए. बी. कूलिज या तरुण अमेरिकन गिर्यारोहकाला दिली. कूलिज आणि त्याची मावशी मेटा ब्रेव्हूर्ट यांच्यासमवेत चिंगेलने आल्प्समधील अनेक शिखरे पायांखाली घातली आणि १८७५ साली ती माँ ब्लांच्या माथ्यावर पोहोचली. आजही कुत्रा घेऊन कड्यावर जाणाऱ्यांना या कथेचा अभिमान वाटतो. मात्र एक भेद विसरता कामा नये. चिंगेल ही चढाईत सामील होती. ती धन्याच्या पुढेमागे बर्फावरून चालत असे. आजच्या प्रस्तरारोहकाचा कुत्रा चढाईत सामील नसतो. धनी वर जातो आणि कुत्रा खाली राहतो. सगळे प्रश्न या एका गोष्टीतून उद्भवतात.

प्रथम दोराचा विचार करू. वर चढणाऱ्याच्या कमरेला बांधलेला दोर खाली उभ्या असलेल्या साथीदाराच्या हातांतून जातो. या सांभाळण्याला चढणाऱ्यांच्या बोलीत 'बिले' म्हणतात आणि मराठी गिर्यारोहकांनीही तोच शब्द उचलला आहे. बिले देणाऱ्याचे काम दिसावयास सोपे असते. चढणारा पुढे सरकला की हातभर दोर सोडावयाचा, तो थांबला की आवरून धरावयाचा आणि तो निसटला तर त्याच क्षणी दोर पक्का रोखावयाचा. यांतील 'त्याच क्षणी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तीन मीटर मोकळे पडलेल्या माणसाचा वेग ताशी सुमारे २७ किलोमीटर होतो आणि तेवढे पडण्यास त्याला एक सेकंदही लागत नाही. म्हणून बिले देणाऱ्याचा एक हात दोरावरून कधीही सुटता कामा नये आणि त्याची दृष्टी वर असली पाहिजे, असा दंडक आहे.

आता या माणसाच्या कमरपट्ट्याला कुत्र्याचा पट्टा अडकविलेला आहे अशी कल्पना करावी. ही कल्पना वाचकाला विचित्र वाटेल, परंतु असे करणारे लोक असतात. दोन्ही हात मोकळे राहावेत एवढाच त्यांचा हेतू असतो. झुडपातून एक खार पळाली की कुत्रा झेप घेतो. बिले देणारा बाजूस खेचला जातो, त्याचा तोल जातो आणि तोल सावरण्यासाठी माणूस जे स्वभावतः करतो तेच तो करतो, म्हणजे हात पसरतो. त्या क्षणी वरचा मनुष्य सुखरूप उभा असेल तर काहीच घडत नाही. नसेल तर पुढचे सांगावयास नको. कुत्र्याला स्वतःच्या अंगाशी बांधून बिले देऊ नये, हा नियम कोठल्याही देशात, कोठल्याही कड्यावर आणि कितीही शहाण्या कुत्र्याच्या बाबतीत शिथिल करण्याजोगा नाही. या लेखातील इतर पुष्कळ गोष्टींविषयी मतभेद होऊ शकतात. याविषयी होऊ शकत नाही असे मला वाटते.

याची दुसरी बाजू कमी परिचित आहे. चढणारा पडला की दोराचा हिसका खालच्या माणसालाही बसतो. तो वजनाने हलका असेल तर चक्क जमिनीवरून उचलला जातो आणि कड्याच्या दिशेने फेकला जातो. मोकळा कुत्रा सावली शोधत नेमका कड्याच्या बुडाशी, म्हणजे या दोघांच्या मधल्या जागेत, येऊन पहुडलेला असतो. तो माणसाच्या पायांत येतो किंवा माणूस त्याच्यावर आदळतो. जमिनीवर सैल पडलेल्या दोराच्या वेटोळ्यातही त्याचा पाय अडकू शकतो. तो दोर वेगाने वर ओढला गेला तर पायाची कातडी सोलून निघेल. उलट दोरालाही कुत्र्यापासून उपद्रव होतो. विणलेल्या आवरणातून आत शिरणारी वाळू आणि बारीक खडे हे दोराचे जुने शत्रू होत. म्हणूनच जाणते आरोहक दोर नेहमी कापडावर ठेवतात आणि त्यावर कोणी पाय दिलेला त्यांना खपत नाही. चिखलाने माखलेल्या चार पायांना हा संकेत समजावून कसा सांगणार? आणि कोवळ्या वयाच्या कुत्र्याला दोर हे चावण्याचे खेळणे वाटते, हेही ध्यानी ठेवावे.

वरून येणारे दगड हा आणखी एक धोका. वीस मीटर उंचीवरून सुटलेला दगड दोन सेकंदांत खाली येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या घरात असतो. 'दगड!' अशी आरोळी ऐकताच माणसे कड्याला बिलगतात. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण असते. कुत्र्याला आरोळीचा अर्थ कळत नाही. किंबहुना वरून काही पडते आहे असे दिसले, तर ते पकडावयास धावणे ही त्याची सहजप्रवृत्ती असते, आणि आपणच त्याला चेंडू फेकून तशी सवय लावलेली असते.

काही ठिकाणी दोर मुळीच वापरला जात नाही. पॅरिसच्या आग्नेयेस असलेल्या फोंतेनब्लो या विस्तीर्ण अरण्यात वालुकाश्माचे हजारो सुटे धोंडे विखुरले आहेत आणि दोराविना धोंड्यांवर चढण्याच्या क्रीडेचे ते माहेरघर मानले जाते. येथे चढणारा वारंवार खाली पडतो. पडणे हा खेळाचाच भाग आहे. धोंड्याखाली जाड गाद्या पसरलेल्या असतात आणि साथीदार हात पुढे करून पडणाऱ्याला गादीवर वळवितात. उन्हात पसरलेली मऊ गादी पाहून कुत्र्याला काय वाटेल हे कुत्रा पाळलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. तो आमंत्रण मिळाल्यासारखा तेथे जाऊन वेटोळे करून बसतो. सत्तर किलो वजनाचा मनुष्य त्याच्यावर पडला, तर दोघांचीही हाडे शाबूत राहतील याची शाश्वती नाही. म्हणून गाद्यांभोवतीचा भाग कुत्र्याला पूर्ण निषिद्ध असावा, असा संकेत तेथे रूढ आहे.

येथवर कुत्र्याचा विचार अडथळा म्हणून केला. त्याच्या बाजूनेही पाहिले पाहिजे, कारण कड्याखालचा दिवस त्याला सुखाचा जातोच असे नाही. ज्याच्यावर आपली सारी भिस्त तो धनी एकाएकी भिंतीवर चढून दिसेनासा होतो आणि हाकेला ओ देत नाही, ही घटना कुत्र्याच्या दृष्टीने भयावह असते. काही कुत्री हे पाहून निमूटपणे झोपी जातात. काही मात्र धनी खाली येईपर्यंत केकाटतात, पट्ट्याला हिसके देतात, स्वतःच खडकावर पंजे मारू लागतात. हे केकाटणे इतरांना कर्णकटू वाटते, एवढ्यापुरता प्रश्न नाही. चढणारा आणि बिले देणारा यांच्यामधील सर्व व्यवहार दोन-चार ठरलेल्या शब्दांच्या आरोळ्यांवर चालतो. 'दोर आवळ', 'दोर सोड', 'मी सुरक्षित आहे, बिले काढ' यांपैकी एक आरोळी दुसरीसारखी ऐकू आली तर अनर्थ होऊ शकतो. कड्याच्या अंतर्वक्र भिंतीवर भुंकण्याचा आवाज आदळून घुमू लागला, की तीस मीटर उंचीवरून आलेला शब्द खाली नीट पोहोचत नाही. शेजारच्या दोरावरील अनोळखी माणसांचेही जीव त्यात गुंतलेले असतात.

उष्णतेचाही विचार करावयास हवा. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवाटे तो अंगातील उष्णता बाहेर टाकतो. दक्षिणाभिमुख कड्याखाली, जेथे माणसे हिवाळ्यात मुद्दाम ऊन मिळावे म्हणून जातात, तेथे तापलेल्या खडकाजवळ बांधलेल्या कुत्र्याला सावली दोन तासांनी सोडून जाते आणि पट्ट्यामुळे त्याला तिच्यामागे जाता येत नाही. धनी वर असतो. त्याला त्रास नको म्हणून गाडीत कोंडून जाणे हा तर उपायच नव्हे. सौम्य उन्हातही बंद मोटार पाहता पाहता भट्टीसारखी तापते. कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्रीसारख्या वाळवंटी प्रदेशात खडखड्या साप आणि चोया नावाचे निवडुंग यांची भर पडते. चोयाचे काटेरी तुकडे किंचित स्पर्शानेही अंगाला चिकटतात, आणि कुत्रा ते दाताने उपटू गेला की जिभेत रुततात.

आतापर्यंतची चर्चा कड्याखालच्या माणसांपुरती होती. पण कडा हा चढणाऱ्यांच्या मालकीचा नसतो. या दृष्टीने इंग्लंडमधील स्टॅनेज येथील उदाहरण पाहण्याजोगे आहे.

शेफील्ड शहराच्या पश्चिमेस, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, भरड वालुकाश्माची एक तटबंदी माळरानाच्या कडेने सुमारे सहा किलोमीटर पसरली आहे. हेच स्टॅनेज. ब्रिटिश प्रस्तरारोहणाच्या इतिहासात या कड्याचे स्थान फार वरचे आहे. तथापि कड्याच्या माथ्यावर आणि पायथ्याशी जे माळरान आहे, ते रिकामे नाही. तेथे मेंढ्या चरतात. हीदर या खुरट्या झुडपांत आणि गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी राहतात. आपल्या टिटवीच्या कुळातील लॅपविंग, लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू, चंडोल. टिटवी उघड्या माळावर अंडी घालते हे मराठी वाचकाला ठाऊकच आहे. तिच्या या भगिनींचीही रीत तीच. स्टॅनेजचा विशेष पाहुणा मात्र निराळा आहे. रिंग ऊझल हा काळा, छातीवर पांढरी चंद्रकोर मिरविणारा, कस्तुराच्या जातीचा पक्षी दक्षिणेकडील प्रदेशांत हिवाळा काढून वसंताच्या आरंभी येथे येतो आणि कड्याच्या भेगांत किंवा पायथ्याच्या हीदरमध्ये घरटे बांधतो. ब्रिटनमध्ये त्याची संख्या पुष्कळ घटली आहे. स्टॅनेजवर घरटे आढळले की त्या भागातील चढाईच्या वाटा काही काळ टाळाव्यात अशी सूचना फलकांवर लावली जाते, आणि आरोहक ती आपण होऊन पाळतात. ब्रिटनमधील आरोहकांची १९४४ साली स्थापन झालेली ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिल ही संस्था या कामात पुढाकार घेते.

मात्र फलक वाचून माणूस वळतो, कुत्रा वळत नाही. हुंगत हुंगत हीदरमध्ये शिरणाऱ्या कुत्र्याने पक्ष्याला मारलेच पाहिजे असे नाही. मादी घरट्यावरून उडते, कुत्रा तेथेच घुटमळत राहतो, धनी तेवढ्या वेळात एक वाट चढून येतो, आणि त्या अर्ध्या तासात उघडी पडलेली अंडी थंड होतात किंवा कावळ्याच्या दृष्टीस पडतात. धन्याला यातले काहीच दिसलेले नसते. संध्याकाळी तो समाधानाने घरी जातो आणि आपल्या कुत्र्याने कोणालाही उपद्रव दिला नाही असे प्रामाणिकपणे सांगतो.

मेंढ्यांचेही तसेच. कुत्र्याने मेंढीला दात लावला नाही, नुसती पळविली, तरी हानी होते. वसंतात गाभण असलेली मेंढी घाबरून पळाली तर तिचा गर्भपात होऊ शकतो. कोकरू आईपासून तुटू शकते. इंग्लंड व वेल्समध्ये यासंबंधीचा कायदा १९५३ सालापासून आहे आणि त्यात पाठलागही गुन्हाच मानला आहे. आपली जनावरे वाचविण्यास अन्य मार्ग उरला नाही, असे सयुक्तिक कारण असेल तर शेतकऱ्याने कुत्र्याला गोळी घातल्यावर १९७१ च्या कायद्यान्वये त्याला नुकसानभरपाईच्या दाव्यात बचाव करता येतो. मात्र ४८ तासांच्या आत त्याने पोलिसांना खबर दिली पाहिजे. शहरी मनाला हे कठोर वाटते. ज्याचे वर्षाचे उत्पन्न कोकरांवर अवलंबून आहे त्याच्या अंगणात उभे राहून पाहिले की तितके वाटत नाही.

विष्ठेचा विषय ग्रंथात टाळण्याची प्रथा आहे, परंतु येथे तो टाळता येण्यासारखा नाही. कुत्र्याची विष्ठा माळावर पडली तर 'ते निसर्गातच मिसळेल' असे पुष्कळांना वाटते. कोल्ह्याची मिसळते, मग कुत्र्याची का नाही, असाही युक्तिवाद होतो. पण एखाद्या लोकप्रिय कड्याखाली सुटीच्या दिवशी येणाऱ्या कुत्र्यांइतके कोल्हे एकत्र येत नाहीत. याहून महत्त्वाचे कारण रोगाचे आहे. निओस्पोरा नावाचा एक सूक्ष्म परजीवी कुत्र्याच्या आतड्यांत वाढतो, विष्ठेतून गवतावर येतो आणि ते गवत खाणाऱ्या गाईंमध्ये गर्भपात घडवून आणतो. शास्त्रज्ञांना त्याची स्वतंत्र जात म्हणून ओळख १९८८ साली पटली. तेव्हा विष्ठा पिशवीत उचलावी आणि ती पिशवी घरापर्यंत न्यावी, हा संकेत निव्वळ टापटिपीचा नाही. काही लोक विष्ठा पिशवीत भरतात आणि 'परतताना घेऊ' म्हणून ती पिशवी झाडाच्या फांदीला अडकवून ठेवतात. परतताना अंधार झालेला असतो. न उचललेली विष्ठा निदान पावसाने वाहून जाते. फांदीला लोंबणारी प्लास्टिकची पिशवी वर्षानुवर्षे लोंबत राहते. मला विचाराल तर या दोहोंत दुसरे कृत्य अधिक निंद्य आहे, कारण त्यात सभ्यतेचे सोंगही आहे.

स्टॅनेजच्या परिसरात या गोष्टींना धार येते, ती तेथील इतिहासामुळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही माळराने बव्हंशी जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होती आणि सामान्य माणसाला तेथे पाऊल टाकण्याची मनाई होती. २४ एप्रिल १९३२ रोजी जवळच्याच किंडर स्काउट या पठारावर शेकडो कामगार व तरुण मनाई मोडून चालून गेले. त्यांच्यातील पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, आणि इंग्लंड व वेल्समधील मोकळ्या माळरानांवर पायी हिंडण्याचा हक्क सर्वसामान्यांना मिळावयास २००० सालचा कायदा उजाडावा लागला. या कायद्यात कुत्र्यांविषयी स्वतंत्र कलमे आहेत. १ मार्च ते ३१ जुलै या काळात अशा भूमीवर कुत्रा दोन मीटरहून अधिक लांब नसलेल्या पट्ट्याने धरलेला असला पाहिजे. जनावरे जवळ असतील तेथे तर वर्षभर. मेंढ्या विण्याच्या हंगामात कुरणात, आणि ग्राउझ पक्ष्यांसाठी राखलेल्या माळांवर, कुत्र्यांना सर्वस्वी मज्जाव करण्याची मुभाही जमीनमालकाला दिलेली आहे. सत्तर वर्षांच्या झगड्यानंतर मिळालेल्या हक्काला ही अट जोडलेली आहे. ती मोडणारा मनुष्य केवळ स्वतःच्या कुत्र्याविषयी निर्णय घेत नसतो. आणि जेथे असा कायदेशीर हक्क नाही, कडा खासगी जमिनीवर आहे आणि मालकाच्या मर्जीवरच चढाई चालते, तेथे तर एका मेलेल्या कोकरामुळे फाटक सर्वांनाच बंद होऊ शकते.

इतर देशांतील नियम तपशिलात भिन्न आहेत. फ्रान्समध्ये १९५५ च्या आदेशानुसार १५ एप्रिल ते ३० जून या विणीच्या काळात अरण्यातील रुळलेल्या वाटा सोडून कुत्र्याला मोकळे नेता येत नाही. फोंतेनब्लोतील धोंडे बहुधा वाटेपासून दूर असल्यामुळे हा नियम आरोहकांना थेट लागू पडतो. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने त्याहून कडक आहेत. तेथे पट्टा सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही, आणि नेमून दिलेल्या जागा सोडल्यास कुत्र्याला झाडाला बांधून, राखणीला कोणी न ठेवता, निघून जाणे हाच नियमभंग आहे. म्हणजे एकट्या आरोहकाने कुत्रा बुंध्याला बांधून चढावयास जाण्याचा मार्गच खुंटला. जोशुआ ट्रीमध्ये कुत्र्याला रस्ते, तळ व सहलीच्या जागा यांपासून शंभर फुटांपलीकडे नेता येत नाही, त्यामुळे तेथील बहुसंख्य कडे त्याच्यासाठी आपोआप वर्ज्य ठरतात. यॉसेमिटीच्या पायवाटाही जवळजवळ सर्व त्याला बंद आहेत. आरोहकांच्या पिढ्यान् पिढ्या जेथे राहिल्या त्या 'कँप फोर' या तळावरही पाळीव जनावर आणता येत नाही. याउलट अमेरिकेतील इतर सरकारी जमिनींवर आणि रानांत पुष्कळ मोकळीक असते, आणि तेथेच शिष्टाचाराची खरी परीक्षा होते. कारण जेथे पहारेकरी असतो तेथे शिष्टाचाराची गरज कमी भासते.

कुत्रा पाळणाऱ्या जबाबदार आरोहकांमध्ये अनुभवाने काही रीती पडून गेल्या आहेत. त्यांतील सर्वांत उपयुक्त म्हणजे तिसऱ्या माणसाची. दोघे चढाईत गुंतलेले असताना कुत्र्याकडे पाहणारा एक जण मोकळा असला, की वर वर्णिलेले निम्मे धोके उरतच नाहीत. तिघे आळीपाळीने चढतात; चढाई थोडी कमी होते. अनेक टप्प्यांच्या, म्हणजे धनी तीन-चार तास परत येणार नाही अशा, उंच कड्यांवर कुत्र्याला नेण्यात अर्थच नसतो. गर्दीच्या दिवशी, पायथा निमुळता असेल तेथे, किंवा खाली दुसरा कडा तुटलेला असेल अशा धारेवरही नव्हे. कुत्र्याला बांधावयाचे ते कड्यापासून दूर, पडणाऱ्या दगडांच्या टप्प्याबाहेर, सावलीत आणि वाटेच्या आड. पट्टा इतकाच लांब की तो वाटेवर आडवा येऊन कोणाला अडकणार नाही. पाणी त्याच्या तोंडाशी असावे. नव्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी गर्दीच्या कड्यावर न आणता, आधी ओस जागी अर्धा तास नेऊन, धनी भिंतीवर चढलेला पाहून तो काय करतो हे आजमावले जाते. काही कुत्र्यांना हे जमतच नाही. अशा कुत्र्याला घरी ठेवणे हा त्याचा अपमान नव्हे.

'माझा कुत्रा कोणाला चावत नाही' हे वाक्य कड्याखाली वारंवार ऐकू येते. ते बहुधा खरे असते आणि तरीही निरुपयोगी असते. ज्याला लहानपणी कुत्रा चावला आहे, त्याला हे वाक्य ऐकून धीर येत नाही. आणि तो जर त्या वेळी दोर धरून उभा असेल तर त्याला मागेही सरकता येत नाही. तसेच एकाचा कुत्रा स्नेहाळ असला तरी पलीकडे बांधलेला दुसरा तसा असेलच असे नाही. म्हणून कड्याखाली आल्याबरोबर आधीपासून असलेल्या मंडळींना 'कुत्रा बरोबर आहे, चालेल ना?' असे विचारणे, आणि 'नको' असे उत्तर आल्यास कपाळाला आठी न घालता पुढच्या कड्याकडे जाणे, ही रीत उत्तम समजली जाते. दुसऱ्याच्या शिदोरीत कुत्र्याने तोंड घातल्यास धन्याने हसून दाद न देता आपली शिदोरी पुढे करावी, हे वेगळे सांगावयास नको.

भारतीय वाचकाला यातील काही भाग परका वाटेल, कारण आपल्याकडे प्रश्नाचे रूप निराळे आहे. सह्याद्रीतील गडांवर जाणाऱ्यांना जो कुत्रा भेटतो तो कोणी घरून आणलेला नसतो. तो पायथ्याच्या गावातला असतो, बिस्किटाच्या आशेने आपण होऊन मागे लागतो आणि वाटाड्याच्या ऐटीत पुढे चालू लागतो. अशा कुत्र्याला पट्टा नसतो, धनी नसतो. त्याच्या वागणुकीबद्दल जाब कोणाला विचारावा हेही ठरलेले नसते. पण ज्याने पहिले बिस्किट टाकले त्याच्यावर थोडी जबाबदारी येतेच. खडकात खोदलेल्या पायऱ्या किंवा लोखंडी शिडी लागली की चढून गेलेल्या कुत्र्याला उतरता येत नाही, आणि मंडळी तर संध्याकाळच्या गाडीच्या घाईत असतात. शिवाय आपल्याकडे पिसाळण्याच्या रोगाचे भय खरे आहे. अनोळखी कुत्र्याचा दात किंवा नख लागले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो, आणि दुर्गम कड्याखालून ते सोपे नसते. अभयारण्याच्या हद्दीत गावकुत्र्याला मागे येऊ देण्यात दुहेरी धोका असतो: बिबट्याला तो भक्ष्य असतो, आणि कुत्र्यांत आढळणारे रोग रानातील प्राण्यांना होऊ शकतात. २०१८ साली गीरच्या अरण्यात सिंहांचा बळी घेणारा डिस्टेंपर हा रोग कुत्र्यांमध्ये सर्रास आढळणाऱ्यांपैकीच आहे.

राहता राहिली एक नाजूक बाब. दुसऱ्याचा कुत्रा त्रास देत असेल तर त्याला कसे सांगावे? इंग्लंड-अमेरिकेतील आरोहकांमध्ये या प्रसंगावरून कडाक्याचे वाद झडतात, कारण कुत्र्याविषयी काढलेला शब्द धन्याला स्वतःच्या अपत्याविषयी काढल्यासारखा झोंबतो. अनुभवी लोक सांगतात, की धनी कड्यावर असताना त्याला काहीही ओरडून सांगू नये. त्याचे चित्त विचलित होते आणि तो तेथून काही करूही शकत नाही. बिले देणाऱ्यालाही त्या क्षणी बोलते करू नये. धनी खाली उतरेपर्यंत थांबावे, आणि मग कुत्र्याच्या स्वभावाची चर्चा न करता केवळ अडचण सांगावी: 'तो आमच्या दोरावर येतो आहे' किंवा 'त्याच्या भुंकण्याने वरचे शब्द ऐकू येत नाहीत.' बहुतेक वेळी धनी मुकाट्याने पट्टा आखूड करतो. दोर ओलांडून येणारा कुत्रा त्याआधीच आवरावयास हवा असेल, तर ज्याचे हात मोकळे आहेत अशा माणसाने त्याला हाक मारून बाजूस न्यावे. त्याला खाऊ मात्र देऊ नये. दिल्यास तो दिवसभर तेथून हलत नाही.